मोठ्या बायनॉक्युलरसाठी हाताने फिरवायचा माउंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘मोठी’ म्हणजे ७० मिमी किंवा त्याहून मोठ्या भिंगांची, आकाश पाहण्यासाठी घेतलेली बायनॉक्युलर. त्यात सरळ नळ्यांच्या २०×८०, २५×१०० (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा व्यास मिमीत) आल्या, आणि आयपीस (डोळ्याला लावायची भिंगं) बदलता येणाऱ्या, ४५ किंवा ९० अंशांत वळवलेल्या द्विनेत्री दुर्बिणीही आल्या. माउंट, म्हणजे बायनॉक्युलर पेलून तिला हवं तिकडे वळवू देणारा आधार, मात्र हाताने फिरवायचा, बिनमोटरचा.

हातात धरूनही दिसतं की! मग माउंट कशाला?

दिसतं, पण एकदा हे करून बघा. १५×७० हातात धरून कृत्तिका पाहा आणि लगेच तीच बायनॉक्युलर गच्चीच्या कठड्यावर टेकवून पाहा. हातात असताना तारे वळवळत असतात. टेकवल्यावर ते टिंबांसारखे जागेवर बसतात आणि मघाशी नसलेले पाच-पंचवीस मंद तारे मधूनच उगवतात. हाताची थरथर पंधरा पट होऊन डोळ्यापर्यंत पोचते, आणि मंद प्रकाश जाणवायला तो डोळ्याच्या पडद्यावर क्षणभर तरी एका जागी राहावा लागतो.

वजनाचाही प्रश्न आहेच. १५×७० साधारण दीड किलोची असते, २०×८० दोन ते अडीच, २५×१०० चार-साडेचार. तिरप्या आयपीसची १०० मिमी दुर्बीण सहा-सात किलोंत जाते, १२० मिमीची दहाच्या पुढे. पाच मिनिटं हात वर धरून ठेवा, मग हा प्रश्न परत विचारणार नाही.

माउंटवर ‘१० किलो पेलतो’ लिहिलंय, माझी बायनॉक्युलर ५ किलोची. मग झालं ना?

सगळ्यात जास्त फसगत याच आकड्याने होते. दहा किलो ठेवले तर माउंट मोडणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. पाच किलोची बायनॉक्युलर तिरकी करून सोडल्यावर ती तिथेच थांबेल की नाही, हे तो सांगत नाही.

खरा प्रश्न आहे तोलाचा. बायनॉक्युलर वर-खाली होताना माउंटच्या ज्या आडव्या अक्षाभोवती फिरते, त्याच्यापेक्षा तिचा गुरुत्वमध्य किती वर आहे ते पाहा. साध्या ट्रायपॉड हेडवर (ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या फिरत्या भागावर) बायनॉक्युलर वरून बसते, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य अक्षाच्या दहा-बारा सेंटिमीटर वर जातो. आडवी असताना सगळं ठीक वाटतं. वर करत गेलात की वजन मागे कलंडू लागतं, आणि जितकी जास्त तिरकी तितका ओढा जास्त.

हिशेबच करू. ५ किलोची बायनॉक्युलर, गुरुत्वमध्य अक्षाच्या १२ सेंटिमीटर वर. ३० अंशांवर हेडवर येणारं पीळबल (अक्षाभोवती फिरवू पाहणारा जोर) साधारण ३ न्यूटन-मीटर असतं, ६० अंशांवर ५. हँडल ३० सेंटिमीटरचं धरलं तर ३० अंशांवर त्याच्या टोकाला सुमारे एक किलोचा भार तोलून धरावा लागतो आणि ६० अंशांवर पावणेदोन किलोचा. हा भार सतत हातावर घेऊन कोणी शांतपणे तेजोमेघ पाहत नाही. मग माणूस स्क्रू आवळतो. आवळलेल्या स्क्रूमुळे हलकेच फिरवणं संपतं आणि दर वेळी सैल कर, रोख, आवळ, आवळताना थोडी खाली बसली की परत सैल कर, असा खेळ सुरू होतो.

म्हणून माउंट बघायला गेलात की पहिला प्रश्न ‘किती किलो?’ असा नको. ‘वजन अक्षाच्या वर बसतं की अक्षावर?’ असं विचारा. अक्षावरच बसत असेल तर तीन न्यूटन-मीटरही लागत नाहीत, बोटाने ढकलली की जाते आणि सोडली की थांबते.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आणि बॉलहेड घरात आहे. त्यावर भागेल?

७० मिमीपर्यंत, क्षितिजाजवळचं पाहायला, कसंबसं. बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, मात्र या कामाचं नाहीच. ते एकाच वेळी सगळ्या बाजूंना सैल होतं आणि वरच्या जड नळ्या कुठे पडायचं ते स्वतः ठरवतात.

तीन हँडलचं फोटो हेड असेल तर एक युक्ती जमते. ही हेड्स कॅमेरा खाली वाकवायला केलेली असतात. पुढे जवळजवळ ९० अंश झुकतात, मागे मात्र ३० अंशांच्या आसपास अडतात. आपल्याला हवं नेमकं उलट. बायनॉक्युलर उलट्या दिशेने लावली की ‘खाली’ची ती सगळी मोकळीक ‘वर’ वापरता येते. हँडल तुमच्या छातीकडे न येता पुढे जातं, त्याची सवय करावी लागते.

व्हिडिओचं फ्लुइड हेड कसं?

सरळ नळ्यांच्या ७०-८० मिमी बायनॉक्युलरसाठी चांगलं, १०० मिमीसाठी हेड खरोखर दणकट असेल तरच. आत दाट वंगणाच्या थरांवर फिरणारे भाग असतात, म्हणून हालचाल संथ आणि सलग होते. झटका बसत नाही.

यात ‘काउंटरबॅलन्स’ ही सोय आहे की नाही ते बघाच. आतली स्प्रिंग वरच्या वजनाचा ओढा उलट बाजूने पेलते, म्हणजे वर काढलेले ते तीन-पाच न्यूटन-मीटर तुमच्याऐवजी स्प्रिंग सोसते. पण ती स्प्रिंग ठरावीक वजनासाठी आणि गुरुत्वमध्याच्या ठरावीक उंचीसाठी जुळवलेली असते. एकच ठरलेला जोर असलेलं हेड तुमच्या वजनाशी जुळलं तर नशीब. पायरीपायरीने जोर बदलता येणारं असेल तर निवांत.

माथ्यावर ७५ किंवा १०० मिमीची वाटी असलेले ट्रायपॉड मिळतात. हेड त्या वाटीत बसवून पायांना हात न लावता समतल करता येतं. शिवाय सडपातळ मधल्या खांबाऐवजी रुंद बैठक मिळते, आणि माझ्या मते वाटीचा खरा फायदा तोच.

सरळ, ४५ अंश, ९० अंश: यावरून माउंट बदलतो?

पूर्ण बदलतो. इथे तोलाबरोबर मानेचाही विचार करावा लागतो.

सरळ बायनॉक्युलर वर रोखली की आयपीस खाली जातात. तुम्ही उभे असाल तर आधी गुडघे वाकवता, मग मान मागे टाकता, आणि तेवढ्यात ट्रायपॉडचा पाय पोटात लागतो. साठ अंशांच्या वर उभ्याने पाहायचं तर आडव्या बायनॉक्युलरचे आयपीस डोळ्यांच्या वीतभर तरी वर असतील इतका उंच ट्रायपॉड लागतो. उंच ट्रायपॉड म्हणजे जास्त थरथर. सरळ १०० मिमीसाठी माउंट निवडणं अवघड जातं ते या कात्रीमुळे.

९० अंशांच्या दुर्बिणीत तुम्ही खाली किंवा समोर बघता आणि नळ्या वर. डोक्यावरचं आकाश खुर्चीत बसून, मान किंचित पुढे झुकवून पाहता येतं. ट्रायपॉड बुटका चालतो, बुटका म्हणजे आपोआप घट्ट. ४५ अंशांची मधली जात आहे: क्षितिजापासून साठ अंशांपर्यंत सुखाची, त्याच्या वर मान तक्रार करू लागते. जमिनीवरची दृश्यंही पाहायची असतील तर ४५ सोयीची. फक्त आकाशच पाहायचं असेल तर ९० घ्या, असं मी बिनदिक्कत सांगतो.

फोर्क माउंटची एवढी स्तुती का होते?

कारण तो तोलाचा प्रश्न मुळातच संपवतो. इंग्रजी यू अक्षरासारखे दोन हात, त्यांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी बायनॉक्युलर टांगलेली. आडवा अक्ष नळ्यांच्या बरोबर मधून, गुरुत्वमध्यातूनच जातो. मग आडवी असो, पन्नास अंशांवर असो की उभी, ओढा शून्य. आयपीस बदलता येणाऱ्या १०० आणि १२० मिमी दुर्बिणींसाठी मी फोर्कशिवाय दुसरं काही सुचवत नाही.

पण सगळे फोर्क सारखे नसतात. पाहायच्या गोष्टी अशा.

हातांची उंची: दुर्बीण उभी केल्यावर आयपीसकडचं टोक दोन हातांच्या मधून खाली उतरतं. अक्षापासून त्या टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा, त्यात आयपीस आणि चार बोटं जागा धरा. हात त्यापेक्षा आखूड असले तर दुर्बीण ७० अंशांवर तळाच्या पट्टीला ठोकते. यावर उपाय म्हणून काही फोर्कचे हात पुढे किंवा मागे कललेले असतात.

हातांची रुंदी: आत दोन्ही बाजूंना बोट जाईल इतकीच मोकळीक असावी. जास्त रुंद फोर्कला लांब बोल्ट लागतात, आणि लांब बोल्ट वाकतात.

अक्षावरची पकड: दोन्ही बाजूंना मोठे, हातमोजे घालूनही फिरवता येतील असे नॉब हवेत. घर्षण कमी-जास्त करता आलं पाहिजे, आणि सैल केल्यावर दुर्बीण निसटून पडता कामा नये. हे शेवटचं विक्रेत्यासमोर करून पाहा.

खालची फिरकी, म्हणजे उभा अक्ष: इथेच कंजुषी केलेली आढळते. वर भक्कम फोर्क आणि खाली रुपयाएवढ्या चकतीवर फिरणारी बैठक. फोर्क धरून अलगद पुढे-मागे हलवा. ‘टक’ असा बारीक धक्का बोटांना जाणवला तर ठेवून द्या. ५० मिमी लांबीच्या बैठकीत एक दशांश मिलिमीटर ढिलेपणा असला तरी कोन सुमारे सात कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बदलतो. २५ पटींत तो जवळजवळ तीन अंशांचा दिसतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहा चंद्रांएवढी उडी. एवढीशी फट ती.

तोल नेमका कसा साधायचा?

घाई नसलेल्या दुपारी, उजेडात करा. रोज वापरता ते आयपीस लावूनच करा, कारण जड आयपीसची जोडी सहज अर्धा-एक किलो भरते आणि मागच्या टोकाला बसते. भिंगांची झाकणं काढा, लाल ठिपक्याचा फाइंडर (नेम धरायचं छोटं साधन) लावत असाल तर तोही चढवा.

आडव्या अक्षाचे नॉब जवळजवळ पूर्ण सैल करा, एक हात नळीखाली ठेवून. दुर्बीण आडवी धरा आणि हात अर्धा इंच खाली घ्या. पुढचं टोक पडतंय? दुर्बीण मागे सरकवा. मागचं टोक पडतंय? पुढे. पट्टी सरकवण्याची सोय नसेल तर हलक्या टोकाला वजन बांधा. नळीभोवती वेल्क्रोने बांधलेली, वाळू भरलेली छोटी पिशवी दिसायला गबाळी असली तरी काम चोख करते.

आता महत्त्वाचा भाग, जो बरेच जण सोडून देतात. दुर्बीण ६० अंशांवर न्या आणि पुन्हा हात सोडा. ती आपणहून आणखी वर जाऊ लागली, मागचं टोक खाली येऊ लागलं, तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे. परत आडवी व्हायला बघत असेल तर तो अक्षाच्या खाली आहे. पहिल्या वेळी वजन खालच्या बाजूला लावा किंवा दुर्बीण फोर्कमध्ये थोडी खाली उतरवा, दुसऱ्या वेळी वर घ्या. फोर्कच्या हातांत उभे खाचे असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे. आडवी तोललेली आणि साठ अंशांवर ढळणारी दुर्बीण पाहिली की तिच्या मालकाने हा दुसरा भाग केलेला नाही हे कळतं.

दोन्ही जागी थांबली की नॉब एवढेच आवळा की वाऱ्याच्या झुळकीने हलणार नाही. रात्री आयपीस बदलून वजन फार बदललं तर वाळूची पिशवी दोन-तीन सेंटिमीटर सरकवायची, बस.

पॅरेललोग्राम माउंट कोणी घ्यावा?

सरळ नळ्यांची ७० किंवा ८० मिमी बायनॉक्युलर असेल आणि आकाश एकट्याने न पाहता चार जणांना दाखवायचं असेल तर जरूर घ्या. समांतरभुज चौकोनासारख्या जोडलेल्या दांड्या असतात, एका टोकाला बायनॉक्युलर, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन. चौकोन वर-खाली झाला तरी बायनॉक्युलरचा कोन बदलत नाही. तुम्ही देवयानी दीर्घिका लावली आणि आठ वर्षांच्या मुलीसाठी आयपीस दोन फूट खाली ओढले, तरी तिला तीच दीर्घिका दिसते. ट्रायपॉडही तुमच्या पायांत येत नाही. आरामखुर्चीत पाठ टेकून सरळ बायनॉक्युलरने डोक्यावरचं पाहण्याचा याच्याइतका सोपा मार्ग मला माहीत नाही.

किंमत मोजावी लागते ती थरथरीत. लांब दांडीच्या टोकाला वजन म्हणजे धक्का बसला की हेलकावा जास्त वेळ टिकतो. दांडीची लांबी दुप्पट झाली की त्याच वजनाने ती आठपट वाकते. शिवाय काउंटरवेट धरून ट्रायपॉडवरचं एकूण ओझं बायनॉक्युलरच्या दुपटी-तिपटीवर जातं. १०० मिमीसाठीही असे माउंट बनतात, पण त्यांना खरोखर जाड दांड्या लागतात. ९० अंशांच्या जड दुर्बिणीला पॅरेललोग्राम म्हणजे नसती उठाठेव.

थरथर मोजायची कशी?

टिचकी मारून. सगळ्यात जास्त वर्धन लावा, ठळक तारा मध्यभागी आणा, हात काढा. मग नळीच्या पुढच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि तारा परत टिंब व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक सेकंद: उत्तम. दोन-तीन: चालतं. पाचच्या पुढे: कुठेतरी गडबड आहे.

कुठे, ते शोधायची पद्धतही सोपी आहे. टिचकी नळीऐवजी ट्रायपॉडच्या पायाला मारा, मग हेडला, मग बायनॉक्युलर आणि हेड सांधणाऱ्या जोडपट्टीला. हात लावून धरल्यावर जिथली थरथर एकदम मरते तो दुवा कच्चा. माझ्या अनुभवात हा दुवा ट्रायपॉड क्वचितच असतो, बहुतेकदा मधली जोडपट्टी किंवा वर काढलेला मधला खांब. एकदा मी आठवडाभर नव्या ट्रायपॉडची चौकशी करत होतो आणि दोष निघाला हेडखालच्या चिरडलेल्या रबरी चकतीत. ती काढून टाकली, धातूवर धातू बसवला, पाच सेकंदांचे दीड झाले.

मधला खांब वर काढला तर काय बिघडतं?

तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो, हे बिघडतं. खांब पूर्ण खाली ठेवा. उंची कमी पडत असेल तर उंच ट्रायपॉड घ्या किंवा खुर्ची बदला.

लाकूड, ॲल्युमिनियम की कार्बन फायबर?

कंपनं जिरवण्यात लाकूड सरस. ॲश किंवा बीचच्या लाकडाचा ट्रायपॉड टिचकी गिळून टाकतो, ॲल्युमिनियमचा ती वाजवून दाखवतो. जर्मनीतली बर्लेबाख ही कंपनी ॲश लाकडाचेच ट्रायपॉड बनवते आणि मोठ्या बायनॉक्युलर्सच्या मंडळींत ते आवडते आहेत. कार्बन फायबर हलका, ताठ आणि कंपनं बऱ्यापैकी शोषणारा. पण आपल्या कामात हलकेपणा हा निव्वळ गुण नाही. वर सात किलो आणि खाली दोन किलो असला की वारा आणि कोपर दोघेही त्याला पाडू शकतात. खाली वजनाची पिशवी अडकवा, पण ती हवेत झुलू देऊ नका, जमिनीला टेकलेली असावी.

पदार्थापेक्षा जाडी बोलकी. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास २५ वरून ३२ मिमी केला तर वाकण्याला विरोध दुपटीहून थोडा जास्त होतो. पायाचे भाग जितके कमी तितके बरे: दोन भागांचा पाय चार भागांच्या पायाला नेहमी भारी. जमीन मोजणीवाल्यांचे जाडजूड ट्रायपॉड याच कारणाने अनेकांनी आपलेसे केले आहेत. त्यांचा आटा ५/८ इंची असतो आणि आपल्या हेडचा ३/८, म्हणून मधला अडॅप्टर लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

बायनॉक्युलर ट्रायपॉडला जोडायला तिच्याबरोबर आलेला एल आकाराचा तुकडा वापरू का?

प्लास्टिकचा असेल तर नको. ७० मिमीच्या बायनॉक्युलरमागे लागलेली निम्मी थरथर त्यातून येते. धातूचा, जाड, रुंद पायाचा घ्या आणि स्क्रू पाना लावून घट्ट करा. ८० आणि १०० मिमीच्या बऱ्याच सरळ बायनॉक्युलर्सना दोन नळ्या सांधणारा दांडा आणि त्यावर सरकणारा खुंट असतो, तिथे हा तुकडा लागतच नाही. खुंट सरकतो म्हणून पुढचा-मागचा तोलही तिथेच जमतो. पाव इंची आट्यापेक्षा ३/८ इंची आटा मिळत असेल तर तोच निवडा.

मोटर नाही, तर तारे सरकून जाणार नाहीत?

सरकतात, पण सावकाश. आकाश तासाला १५ अंश फिरतं. २५×१०० चं क्षेत्र साधारण अडीच अंशांचं असतं, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा ताराही एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जायला दहा मिनिटं घेतो. वर्धन ६० वर नेऊन क्षेत्र एक अंशाचं केलं तरी चार मिनिटं हातात असतात. बोटाने अधूनमधून एक हलका ढकला पुरतो, फक्त त्या ढकल्यानंतर माउंटने उसळी मारून मागे यायला नको.

इक्वेटोरियल माउंट आधीच आहे. त्यावर लावू?

नको. त्याचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, तिरका असतो. तो फिरतो तशी बायनॉक्युलर कुशीवर कलंडते, एक आयपीस वर आणि एक खाली. दोन डोळ्यांनी पाहायचं तर दोन आयपीस तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आडवे राहिलेच पाहिजेत.

बरोबर डोक्यावरचं काही पाहायचं असलं की फोर्कही अडखळतो. दोष माउंटचा?

दोष भूमितीचा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या कुठल्याही माउंटला डोक्यावर एक आंधळा ठिपका असतो. ८५ अंश उंचीवरचा तारा दृश्यक्षेत्रात बाजूला एक अंश सरकवायचा तर सगळा माउंट साडेअकरा अंश फिरवावा लागतो. त्यातून ठरावीक एका तऱ्हेचं घर्षण जास्त छळतं: थांबलेली बैठक हलायला खूप जोर लागतो आणि हलली की एकदम सुटते. अमेरिकेतले हौशी दुर्बीणकार जॉन डॉब्सन यांनी रुजवलेल्या लाकडी माउंटमध्ये खरबरीत लॅमिनेटवर टेफ्लॉनचे तुकडे वापरतात ते याचसाठी, हलवायला आणि हलत ठेवायला लागणारा जोर जवळपास सारखाच राहतो. घरी फोर्क करणार असाल तर हाच मार्ग धरा. अठरा मिमी प्लायचे दोन थर चिकटवून केलेले हात, तळाला तीन टेफ्लॉनचे तुकडे आणि त्यावर फिरणारी लॅमिनेटची चकती, एवढ्यात बाजारातल्या बऱ्याच माउंट्सना लाजवेल असं काहीतरी उभं राहतं.

नाहीतर तासभर थांबा. तारा डोक्यावरून उतरतोच.

९० अंशांच्या दुर्बिणीने नेम धरायचा कसा?

लाल ठिपक्याचा फाइंडर लावा, त्याशिवाय चाचपडत राहाल, कारण तुम्ही बघताय एकीकडे आणि नळ्या दुसरीकडे. तो अशा जागी बसवा की डोकं फार न हलवता दिसेल. आडव्या अक्षाजवळ डिजिटल कोनमापक चिकटवला तर उंचीचा आकडा वाचून अर्धं काम होतं. त्यासाठी ट्रायपॉड समतल हवा.

सूर्य पाहायला हाच माउंट चालतो?

चालतो, पण दोन्ही भिंगांच्या पुढे प्रमाणित सौर फिल्टर घट्ट बसवलेले असतील तरच. आयपीसमागे लावायचे फिल्टर नकोत. फाइंडरलाही झाकण घाला.

१५० मिमीसाठी काय?

तिथे ट्रायपॉडची भाषा जवळजवळ संपते. फुजिनॉनची २५×१५० अठरा किलोंच्या आसपास भरते. जपानच्या युजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ च्या अखेरीस त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला धूमकेतू २५×१५० बायनॉक्युलरनेच शोधला. धूमकेतू शोधायचा म्हणजे रात्रीमागून रात्री आकाशाचा पट्टा संथपणे झाडत जायचं, आणि ते फोर्कमध्ये तोललेल्या, बोटाने सरकणाऱ्या दुर्बिणीनेच सुखाचं होतं. एवढ्या वजनाला जमिनीत पक्का रोवलेला खांब किंवा चाकांचा जड स्टँड हवा. दुर्बीण चढवायला दुसरा माणूसही हवा, आणि हे खरेदीच्या आधी ठरवा.

सेकंडहँड माउंट घेताना काय तपासू?

आपली बायनॉक्युलर बरोबर न्या, नाही जमलं तर तेवढ्याच वजनाची पिशवी. सगळे नॉब पूर्ण सैल आणि पूर्ण घट्ट करून बघा. आटे झिजले असतील तर घट्ट केल्यावर नॉब अर्धा वळसा आणखी फिरतो. फ्लुइड हेड सावकाश फिरवताना मध्येच हलकं लागलं तर वंगण गळालंय. पायांचे सांधे पिळून पाहा. रंग उडालेला असेल तर ते चांगलं लक्षण धरा, वापरलेला माउंट आहे.

रात्री आवरताना क्रम कोणता?

आधी दुर्बीण उतरवायची, मग बाकी सगळं. दोन्ही अक्ष आवळा, दुर्बीण आडवी करा, एक हात खालून द्या आणि मगच जोडपट्टीच्या खटक्याला हात लावा.

हे मी शिकलो ते असं: दोन वाजता, दवाने सगळं ओलं, अंधारात उंचीचा नॉब समजून मी खटकाच उघडला. २५×१०० घरंगळली, ती मांडीवर झेलली म्हणून भिंगं वाचली, पण दोन नळ्यांची दिशा फिरली आणि एका चंद्राचे दोन दिसू लागले. दुरुस्तीला महिना गेला. आता खटक्यावर खरखरीत पॉलिश पेपरची पट्टी चिकटवलेली आहे. बोटाला खरखर लागली की थांबायचं, दुसरा हात नळीखाली आहे ना ते बघायचं आणि मग उघडायचं.